मधला प्लॉट कुणाचा?

पत्र, थोडं कापून:

"बाबांनी 1994 मध्ये कऱ्हाडच्या बाहेर एका बिनशेती लेआउटमध्ये लागून लागून तीन प्लॉट घेतले. प्रत्येकी 40 बाय 60 फूट, तिन्हींच्या पुढ्यात उत्तरेला रस्ता. 'तिघांना तीन' म्हणायचे. 2019 मध्ये ते गेले, मृत्युपत्र केलेलं नाही. दादा दोन वर्षांत रिटायर होऊन पुण्याहून येणार आहे. धाकटा बंगळुरूला, तो कधी येईल देव जाणे. मी इथंच भाड्याच्या घरात, आई माझ्याकडे, वय 76. दादाने एक नकाशा काढून आणलाय. तिन्ही प्लॉट एकत्र करायचे, मधोमध चौक, चौकात तुळस, कडेला देवघर, एक मोठं सामाईक स्वयंपाकघर आणि गाड्यांना आत जायचा रस्ता. पुतण्याची हौस म्हणजे तिन्ही गच्च्या जोडणारा पूल. बोअर आधीपासून मधल्या प्लॉटमध्येच आहे. मागे मधल्या आणि धाकट्याच्या हद्दीवर बाबांनी लावलेला आंबा आहे. दादा प्रेमाने म्हणतो, 'मधला तुला दिला.' पण नकाशात मधल्या प्लॉटवर सगळ्यांचं सगळं आहे आणि माझं घर एका कोपऱ्यात. आमच्या ह्यांना वाटतं, लोक घरजावई म्हणतील. मला वाईटपणा घ्यायचा नाही. काय करू? – मधली"

ताई,

तुमचं पत्र वाचून मी कागदावर तीन चौकटी आखल्या आणि दादांच्या नकाशातली एकेक गोष्ट त्यात ठेवत गेले. चौक मध्ये, तुळस मध्ये, देवघर, स्वयंपाकघर, गाडीरस्ता, बोअर, सगळं मध्ये. दोन्ही कडेच्या चौकटी छान मोकळ्या राहिल्या. जुन्या घरांत मधल्या खोलीचं हेच व्हायचं. तिला दोन दारं, चार वाटा आणि जिची ती खोली तिला लुगडं बदलायला आडोसा नाही. तेव्हा तुम्हाला जे खुपतंय ते मनाचे खेळ नाहीत, ते नकाशावर दिसतंय.

दादांच्या मनात खोट आहे असं मात्र मला वाटत नाही. सामाईक जागा मधोमध ठेवायची हे कुणालाही पहिल्यांदा सुचतं. वाड्याचा चौक डोळ्यांसमोर असतो ना. पण वाडा एका मालकाचा असायचा, एका चुलीचा असायचा, आणि चूल वेगळी झाली की त्याच चौकात दोरी बांधली जायची. कोकणात अशी घरं मी पाहिली आहेत, जिथे ओटीच्या बरोबर मधून भिंत गेलीय आणि एका झोपाळ्याची एक कडी इकडे, दुसरी तिकडे राहिलीय. गणपती मात्र अजून एकच बसतो. या माणसांना एकमेकांत राहायचं होतंच, फक्त घर त्या बेताने बांधलेलं नव्हतं.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. तिन्ही घरं अशी बांधा की त्यातलं कुठलंही एक उद्या परक्याला विकलं तरी उरलेल्या दोघांचं पाणी, वीज, ड्रेनेज आणि रस्ता यांतलं काही अडणार नाही. हे ऐकायला कोरडं वाटेल. पण ज्या घराला शेजारच्याची गरज नाही, त्या घरातला माणूस शेजारी जातो तो हौसेने जातो, व्हॉल्व्ह उघडायला सांगायला नाही.

हे मी पुस्तकातून शिकले नाही. पंचवीस वर्षांपूर्वी तीन भावांची तीन घरं मी नगर जिल्ह्यात बांधली. पैसे वाचावेत म्हणून तिघांत एक सेप्टिक टँक केला, थोरल्याच्या पार्किंगखाली. तेव्हा सगळ्यांना फार शहाणपणाचं वाटलं, मलाही. पुढे थोरले गेले, त्यांच्या मुलाने घर विकलं, नव्या मालकाने पार्किंगला फरशी बसवताना चेंबरची झाकणं फरशीखाली घातली. ऐन गौरीजेवणाच्या दिवशी धाकट्याच्या घरी संडास तुंबला. पाहुणे पंगतीत बसलेले, आणि नवा मालक म्हणतोय की माझ्या खरेदीखतात तुमच्या टाकीचा उल्लेख दाखवा. उल्लेख नव्हताच. फरशी फोडायचे, नव्या टाकीचे आणि वकिलाचे मिळून जे पैसे गेले त्यात तेव्हा तीन टाक्या झाल्या असत्या. चूक माझी होती. त्यानंतर मी एका टाकीवर दोन मालक कधी ठेवले नाहीत.

आता नकाशाच्या आधीची गोष्ट, कारण तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही सहज लिहून पुढे गेलात. 'मधला तुला दिला.' ताई, बाबांनी स्वतःच्या कमाईने घेतलेली जमीन, मृत्युपत्र नाही, म्हणजे 1956 च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे आई आणि तुम्ही तिघं, चौघांचा सारखा हिस्सा. तिन्ही प्लॉटवर चौघांचा प्रत्येकी चौथा. मुलींच्या हक्काचं म्हणताना लोकांना 2005 ची दुरुस्ती आठवते, पण ती वडिलोपार्जित एकत्र मिळकतीसाठी. वडिलांच्या स्वतःच्या मिळकतीत मुलगी 1956 पासून बरोबरीची वारस आहे. तेव्हा दादाने तुम्हाला काही दिलेलं नाही. जे होतं त्यातलं कुठलं कुणाकडे जावं एवढंच तो सुचवतोय. हे भांडायला म्हणून सांगत नाही. 'दिलं' म्हटलं की घेणाऱ्याची मान खाली जाते आणि मग बोअर, चौक, गाडीरस्ता, सगळ्याला हो म्हणावं लागतं.

म्हणून आर्किटेक्टच्या आधी वकील. वारस नोंद झाली आहे का बघा. नसेल तर ती, आणि मग चौघांच्या सह्यांचं नोंदणीकृत वाटणीपत्र, ज्यात अमुक प्लॉट अमक्याचा हे स्पष्ट लिहिलेलं असेल. त्याच्या जोडीला हद्द कायम मोजणी करून घ्या. भूमी अभिलेखचा माणूस येऊन खुणा दाखवतो आणि मोजणीचा नकाशा, ज्याला सगळे 'क प्रत' म्हणतात, तो मिळतो. लेआउटचे दगड तीस वर्षांत कुणीतरी पायरीला वापरलेले असतात. मी एकदा हद्दीचा दगड धुणं धुवायच्या जागेवर पाहिलाय, छान गुळगुळीत झालेला.

आईच्या चौथ्या हिश्शाबद्दल एवढंच सांगते. 'सगळ्यांना देऊन टाक' म्हणून तिच्याकडून घाईने सही घेऊ नका. तिला प्लॉट नको असेल तर वाटणीपत्रातच तिचा हयातीपर्यंत राहण्याचा हक्क लिहा, कुठल्या घरात, कुठल्या खोलीत, आणि ते घर बांधून होईपर्यंत भाडं कोण भरणार, हेसुद्धा.

मग एकत्रीकरणाचा प्रश्न. दादांच्या आर्किटेक्टने सांगितलं असेल की प्लॉट एक केले तर बांधकाम जास्त बसतं. अर्धं खरं आहे. चटई क्षेत्र, म्हणजे एकूण किती बांधता येतं ते, जमिनीच्या मापावर मिळतं, तिन्हींची बेरीज तेवढीच राहते. वाचतात ती मधली सामासिक अंतरं, म्हणजे घर आणि हद्द यांच्यामध्ये सोडावी लागणारी मोकळी पट्टी. ती वाचवण्यासाठी तुम्ही काय देता? तीन स्वतंत्र मिळकतींची एक मिळकत होते. धाकट्याला दहा वर्षांनी कर्ज हवं असेल तर बँक त्याच्या एकट्याच्या नावावरची मिळकत मागेल, ती उरलेलीच नसेल. आणि पुन्हा तुकडे करायचे म्हटलं की नव्याने परवानगी, नव्याने मोजणी आणि तोपर्यंत उभ्या राहिलेल्या भिंती नव्या हद्दींत बसवायची कसरत. नको. तीन प्लॉट तीनच ठेवा, तीन नकाशे वेगवेगळे पास करा. पण काढायला एकाच माणसाला सांगा, एकाच कागदावर, एकाच वेळी, धाकट्याचंसुद्धा, तो आत्ता बांधत नसला तरी.

चौक मग जातो कुठे? मागे जातो. ही मला या कामातली सगळ्यात गोड गोष्ट वाटते म्हणून जरा सविस्तर सांगते.

घराच्या मागे काही फूट जागा नियमाने मोकळी सोडावीच लागते. किती ते तुमच्या भागातल्या नियमावलीवर आणि घराच्या उंचीवर. समजा दहा फूट. बहुतेक लोक तिथे उंच भिंत घालतात, मग ती जागा होते नारळाच्या झावळ्या, मोडका कूलर आणि जुनं कमोड ठेवायची. तुम्ही तिघांनी नियमाच्या वर पाच-पाच फूट आणखी सोडा आणि मधल्या दोन भिंती घालूच नका. मागे 120 फूट लांब आणि 15 फूट रुंद परस मिळतो, 1800 चौरस फुटांचा. जमीन ज्याची त्याच्याच नावावर, तुकडा प्रत्येकाचा 600 फुटांचा. 'सामाईक' असं कागदावर काही नाही. नसलेली भिंत एवढीच काय ती सामाईक. उद्या कुणाचं बिनसलं किंवा कुणी विकलं तर गवंडी दोन दिवसांत हद्दीवर भिंत घालेल, आणि तरीही प्रत्येकाकडे स्वतःचं ऐसपैस परसदार उरेल. मधल्या प्लॉटने कडेच्यांपेक्षा एक फूटही जास्त दिलेला नसेल.

तुमच्या जागेला हे फार जमून येतं, कारण रस्ता उत्तरेला आणि परस दक्षिणेला. थंडीत सूर्य दक्षिणेकडून कलता असतो, घरांची सावली पुढे रस्त्यावर पडते आणि परसात दिवसभर ऊन. पापड, सांडगे आणि आईची खुर्ची, तिघांची सोय. उन्हाळ्यात आंबा आहेच. पाऊस तुमच्याकडे पश्चिम आणि नैर्ऋत्येकडून मारतो, म्हणून मागच्या ओसरीला चांगला चार फुटांचा छज्जा घ्या, नाहीतर जून ते सप्टेंबर ती ओसरी फक्त पायपुसणी वाळत घालायला उरते.

आता घर किती मोठं होतं ते बघू. 40 फुटांतून दोन्ही बाजूंना समजा पाच-पाच फूट गेले, रुंदी 30. साठातून पुढे बारा, मागे पंधरा, खोली 33. म्हणजे तळमजला साधारण हजार फुटांचा. हॉल, स्वयंपाकघर, एक झोपायची खोली तिच्या लगतच्या बाथरूमसह आणि मागची ओसरी. वर दोन खोल्या. पुरे. दादांना जे मोठं सामाईक स्वयंपाकघर हवंय ते का, हे त्यांना प्रेमाने विचारा. माझ्या अनुभवात असं स्वयंपाकघर पुरुषांच्या नकाशात असतं आणि त्यात उभं कोण राहणार ते ठरलेलं असतं. तिथे पहिल्या वर्षी सणाला तीस पानं होतात, दुसऱ्या वर्षी मिठाच्या डब्यावरून अबोला. प्रत्येक घराला आपली चूल. मोठा स्वयंपाक करायचा असेल तेव्हा परसात एका भिंतीलगत कडप्प्याचा ओटा, एक नळ, वर साधा दिवा, बास. पुरणाचा कट आणि मटणाचं पातेलं दोन्ही तिथे छान शिजतं, आणि घरात वास कोंडत नाही.

स्वयंपाकघराच्या खिडक्या मात्र समोरासमोर येऊ देऊ नका. दोन घरांमध्ये दहा फुटांचा बोळ राहणार, तिथून शेजारचा कुकर ऐकू येणारच, पण फोडणीला काय घातलं ते दिसायची गरज नाही. एका घराची खिडकी दुसऱ्याच्या भिंतीसमोर येईल अशी दोन-तीन फूट सरकवून घ्या. झोपायच्या खोल्यांच्या खिडक्या शक्यतो पुढे किंवा मागे. आणि हा बोळ तिसऱ्या वर्षी कुणीतरी पत्र्याने झाकणार, हे मी आत्ताच लिहून देते. स्कूटर भिजते म्हणून. झाकू देऊ नका. उजेड जातो, भिंतीची ओल जात नाही आणि नियमातही बसत नाही.

पुतण्याच्या पुलावर मला लिहायचं नव्हतं, पोरगं हिरमुसेल. पण तो मोकळ्या सोडायच्या जागेवरून जातो, त्यामुळे पास होणार नाही. शिवाय तुमची घरं वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या पायांवर उभी राहणार, ती सारखी बसत नाहीत आणि जमीन हलली तर सारखी डोलतही नाहीत. तुमचा भाग कोयनेच्या शेजारचा आहे. 1967 च्या डिसेंबरमधला भूकंप तुमच्या आईला विचारा, त्या वेळी ती अठराच्या आसपास असेल. त्या पोराला परसात झोपाळा द्या.

जमिनीचं बोलायला हवं. कऱ्हाडच्या आसपास काळी माती पुष्कळ. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरची घरंही तडकवते. आधी दोन-तीन ठिकाणी खड्डे घेऊन मुरूम किती खाली लागतो ते बघा, पाया तिथपर्यंत न्यायचा. याच मातीत शोषखड्डा नीट काम करत नाही, चिकण मातीत पाणी जिरतच नाही. म्हणून तीन घरांच्या तीन टाक्या कराच, पण पुढे गटार आहे का, ग्रामपंचायत ते कधी आणणार, हे आधी शोधून काढा. टाक्या पुढच्या अंगाला, रस्त्याकडे. बोअरपासून शोषखड्डा निदान साठ फूट लांब पडायला हवा. तुमच्या प्लॉटची लांबीच साठ आहे, म्हणजे मागे बोअर आणि पुढे टाकी इतकं ताणूनच ते जेमतेम जमतं. बोअर नेमका कुठे आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. तो पुढच्या बाजूला असेल तर त्याचं पाणी प्यायला वापरू नका, झाडांना आणि धुण्याला ठेवा.

आंबा. हद्दीवर आहे हे वाचून मला बरं वाटलं, कारण मग तो दोघांचा, आणि परसात म्हणजे तिघांचा. पण काळ्या मातीत मोठं झाड पायाजवळ असलं की मुळं उन्हाळ्यात पाणी ओढतात, माती आकसते आणि घराचा तो कोपरा खाली बसतो. तुमच्या आणि धाकट्याच्या घराचा आंब्याकडचा कोपरा आणखी पाच-सहा फूट आत घ्या. दोघांचं थोडं क्षेत्र जाईल, वरच्या मजल्यावर भरून काढा. परस तिथे आपोआप रुंद होईल आणि खुर्च्या तिथेच पडतील. कुणी म्हणालं की झाड काढून टाकू, तर सांगा, महाराष्ट्रात आंबा तोडायला 1964 च्या कायद्याने परवानगी लागते. हा कायदा अशा वेळी नणंद-भावजयींपेक्षा उपयोगी पडतो.

आता एक गोष्ट जी कुणाच्याही नकाशात नसते आणि ज्यावरून भावाभावांत सगळ्यात जास्त वाजतं, ती म्हणजे जोत्याची उंची. दादा आधी बांधणार. कॉन्ट्रॅक्टर त्यांना सांगेल, साहेब तीन फूट उचलून घ्या, चार डंपर मुरूम टाकू. झालं, पहिल्या पावसात त्यांच्या अंगणातलं सगळं पाणी तुमच्या प्लॉटमध्ये. मग तुम्ही साडेतीन फूट उचलणार आणि पाणी धाकट्याकडे. पुढच्या रस्त्याचा मध्य धरून तिन्ही जोत्यांची आणि तिन्ही अंगणांची एकच पातळी आत्ताच ठरवा आणि ती वाटणीपत्राला जोडलेल्या नकाशावर आकड्यात लिहा. पाणी परसातून बोळाने पुढे रस्त्याकडे काढायचं, कुणाच्या प्लॉटमध्ये सोडायचं नाही.

वीज प्रत्येकाची वेगळी. महावितरणचा घरगुती दर टप्प्यांनी चढतो, पहिली 100 युनिटं स्वस्त, मग 300 पर्यंत महाग, मग 500 पर्यंत आणखी. तीन घरं एका मीटरवर घातली की सगळे मिळून वरच्या टप्प्यात. छतावरच्या सोलरचंही तेच. 2024 मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत 3 किलोवॅट आणि त्यावरच्या संचाला 78 हजारांचं अनुदान आहे, आणि ते घरटी मिळतं. तुम्ही बांधाल तेव्हा योजना चालू असली तर तीन मीटर म्हणजे तीन अनुदानं.

बोअर तुमच्याकडे आहे, म्हणजे मोटर तुमच्या मीटरवर आणि रात्री अकराला 'ताई, पाणी सोडतेस का' हा फोनही तुम्हालाच. हे हसण्यावारी नेऊ नका. मोटरला सबमीटर लावा. प्रत्येक घराची स्वतःची जमिनीखालची टाकी, तिथून आपापल्या पंपाने वर. बोअरचं पाणी ठरलेल्या वेळी टायमरने तिन्ही टाक्यांत जाईल, कुणी कुणाला सांगायला नको. आणि कडेच्या दोघांनी नळाचं स्वतंत्र कनेक्शन घेऊन ठेवायचं, बोअर आटला तर तुमच्याकडे बघू नये म्हणून.

या पाण्याच्या हक्काचं लिहून ठेवायचं ते नीट. वापरत आलोय म्हणून हक्क मिळायला 1882 च्या कायद्याने 20 वर्षं लागतात, आणि परवानगीने वापरलेली वर्षं त्यात मोजत नाहीत. घरातलं सगळं परवानगीनेच चालतं. तेव्हा कडेच्यांनाही कागद हवा आणि तुम्हालाही. पाणी किती वेळ, दुरुस्तीचा खर्च तीन हिश्शांनी, घर विकलं तर नव्या मालकाला बोअरचं पाणी नाही. हे नोटरीपुढे स्टँपपेपरवर करून कपाटात ठेवू नका. स्थावरातला हक्क आहे, नोंदणी लागते. वाटणीपत्रातच घाला, एका खर्चात होईल. त्यातच आणखी एक अट घाला. कुणाला विकायचं असेल तर आधी उरलेल्या दोघांना लेखी विचारायचं, किंमत सरकारमान्य मूल्यांकनकाराची, मुदत तीन महिने. दादा कदाचित म्हणतील, 'कधीच विकायचं नाही असंच लिहू.' तशी कायमची बंदी कोर्टात टिकणं अवघड. आणि धाकट्याला बंगळुरूत घर घ्यायचं असेल तर बाबांच्या प्लॉटने त्याला अडवून का ठेवावं?

धाकट्याचा प्लॉट मोकळा राहणार. त्यावर दादांच्या बांधकामाची खडी, वाळू टाकू देऊ नका, ती कधीच पूर्ण उचलली जात नाही. भोवती तार, आत शेवगा, पपई, भाजी. त्याचा कर तोच भरेल आणि शेवग्याच्या शेंगा तुम्ही खाल, हा व्यवहार मला रास्त वाटतो.

तुमच्या ह्यांच्या मनातलं. घरजावई हा शब्द नकाशाने पुसता येत नाही, पण बराच झाकता येतो. पुढून एक मोठं सामाईक गेट करू नका. तिघांची तीन गेटं, तुमच्या गेटावर तुमच्या दोघांची पाटी, गाडी आपल्या अंगणात. तुमच्या सासरचं माणूस आलं तर त्याला दादांच्या ओसरीवरून, 'या या, बसा' ऐकत यावं लागता कामा नये. माहेर मागच्या दाराने, सासर पुढच्या दाराने. आणि बांधायला पैसे दोघांचे लागणार असतील तर नकाशा बघायला त्यांनाही बसवा. आत्तापर्यंत बसवलंय का? पत्रात त्यांचं मत आहे, पण 'लोक काय म्हणतील' एवढंच.

आई कुठे राहणार यावर तिघंही भावनेने बोलतील. रात्री दोनला बाथरूमला उठल्यावर जिथे कुणीतरी जागं होतं, तिथे ती राहील. म्हणजे सध्या तुमच्याकडे. तळमजल्याची ती खोली परसाला लागून घ्या, तिला ओसरीवर उघडणारं स्वतःचं दार द्या, म्हणजे दादाकडे जायला तिला तुमच्या हॉलमधून जावं लागणार नाही. दारं तीन फुटांची, बाथरूमला उंबरा नको, कमोडच्या बाजूला भिंतीत गज आत्ताच बसवा. जोतं दोन फूट असेल तर पायऱ्यांऐवजी केलेल्या उताराला चोवीस फूट लांबी लागते, ती मागच्या बाजूने भिंतीलगत वळवून बसते. अशीच खोली दादांच्या आणि धाकट्याच्या तळमजल्यावरही हवी. दादा साठीला आलेत, त्यांना हे दोनदा सांगावं लागणार नाही. देवघराचं तुम्ही विचारलं नाहीत, पण दादांच्या नकाशात आहे म्हणून सांगते. देवांचे टाक पितळेच्या डबीत मावतात. ते आईच्या खोलीत राहू द्या, त्यासाठी आरसीसी नको.

दिवाळीला सगळे येतील तेव्हा नकाशा दाखवू नका, कागदावर सगळ्यांचं सगळं छान दिसतं. फक्कीची, म्हणजे मैदानावर रेघा आखतात त्या पांढऱ्या पुडीची, पाच किलोची पिशवी आणा आणि मोजणीच्या खुणा धरून जमिनीवर तिन्ही घरं आखा, भिंती, दारं, आईचा पलंगसुद्धा. आधी दादांचा नकाशा आखा, तोही पूर्ण, आणि दादांना तुमच्या घराच्या चौकटीत खुर्ची टाकून बसवा. तासभर. मुलांना सायकली देऊन त्या गाडीरस्त्यावर सोडा. मग पुसून हा दुसरा आखा. वाईटपणा घ्यावा लागणार नाही असं मी म्हणत नाही, पण तो तुम्हाला तोंडाने घ्यावा लागणार नाही. आईला आंब्याखाली बसवा, आणि तिच्या पलंगापासून बाथरूमच्या दारापर्यंत तिला चालायला लावून पावलं मोजा. आठाच्या वर गेली तर भिंत सरकवा. फक्की पायाने पुसता येते.